एकही रकाना रिकामा नाही

६ सप्टेंबर

ती. ताई,

नमस्कार. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. दाजींच्या हाती लागू देऊ नकोस. फोन केला असता, पण आमची खोली एकच, आणि ही शिवणाच्या कारखान्यातून कधी लवकर येईल ते सांगता येत नाही. कामावरून बोलावं, तर लिफ्टच्या मशीनरूममध्ये मोटर सुरू झाली की माझं मलाच ऐकू येत नाही. म्हणून लिहितो आहे. आधी कच्चं लिहिलं, आता हे पक्कं. उत्तर घरी नको, कंपनीच्या पत्त्यावर पाठव.

हिला दिवस गेले आहेत.

तू म्हणशील, मग सुतकी तोंडाने काय सांगतोस? पण ताई, ही सुई घेते. तीन महिन्यांची, मूल न होण्याची. चिमी दोन वर्षांची झाली तेव्हा तूच सुचवली होतीस. गोळ्या विसरतात, सुई घेतली की तीन महिने डोक्याला ताप नाही, हे तुझेच शब्द. मोठी खोली मिळाल्याशिवाय दुसरं मूल नाही असं आमचं दोघांचं ठरलं होतं.

सुईने पाळी बंद होते हेही तू सांगितलं होतंस, म्हणून पाळी येत नाही याचं आम्हाला काही वाटलं नाही. ऑगस्टमध्ये हिला काजं करायच्या मशीनच्या तेलाचा वास सोसेना. उलट्या झाल्या. मी म्हटलं, पित्त असेल. परवा चार तारखेला सोनोग्राफी केली. बारा आठवडे.

आता माझ्याकडून काही चुकलं असेल असं तुझ्या मनात येईल, म्हणून आधीच सांगतो. आमच्या प्रत्येक लिफ्टच्या मशीनरूममध्ये एक कार्ड टांगलेलं असतं. वर्षाचे चार रकाने, एका तिमाहीला एक. तिमाही सर्व्हिस झाली की त्या रकान्यात बरोबरची खूण आणि सही. सहा वर्षांत माझ्या कार्डावर एकही रकाना रिकामा नाही. सुपरवायझर नव्या पोरांना माझी कार्डं दाखवतो. तसाच तक्ता मी हिच्या सुईसाठी केला आहे. पट्टीने आखून, कपाटाच्या दाराला आतून टाचून. तीन तिमाह्या, तीन सुया, तीन खुणा.

मग हे झालं कसं? सुईत औषध होतं की पाणी? तू अकरा वर्षं प्रसूतिगृहात नर्स आहेस. तुला आतल्या गोष्टी माहीत असणार. खरं काय ते लिही.

तुझा भाऊ


१३ सप्टेंबर

प्रिय मोजपट्टी,

पत्र फाडलं नाही. तुझे दाजी खेळाच्या पानाशिवाय काही वाचत नाहीत, तेव्हा घाबरू नकोस. आणि लिहितोस ते बरं आहे. फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि उरलेल्या निम्म्यावर रात्रभर जागतोस. लिहिलेलं निदान तीनदा वाचशील.

पहिली गोष्ट. दोन पानं लिहिलीस, त्यात तुझी बायको जेवते का, झोपते का, तिला काय वाटतं, याची एक ओळ नाही. लिफ्टच्या कार्डावर मात्र अर्धं पान. लहानपणी गादीवर माझी जागा कुठे संपते ते पट्टीने मोजायचास, तो तू अजून तसाच.

दुसरी गोष्ट, सुईची. ती वेळच्या वेळी घेतली तर हजार बायकांत वर्षाला एखाद-दोघींना दिवस जातात. शून्य नाही, पण शून्याच्या शेजारी. ज्या उशिरा येतात, विसरतात, त्या धरल्या तर शंभरात चारेक. म्हणजे सुई दगा देते ती फार करून वेळ चुकल्यावर. मी अकरा वर्षांत पाण्याची सुई पाहिली नाही, वेळ चुकलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या.

म्हणून मला तारखा पाठव. खुणा नकोत. कुठली सुई कुठल्या तारखेला टोचली, तेवढंच. मग बोलू.

तिला सकाळी उठल्या उठल्या कोरडं काहीतरी खायला दे. आणि ते तू उठून दे.

ताई


१७ सप्टेंबर

ती. ताई,

तारखा माझ्या डायरीत लिहिल्या आहेत, त्या काढून पाठवीन. पण तारखांत काही नाही. प्रत्येक तिमाहीत सुई झाली आहे. उशीर हा प्रश्नच नाही. आता गोष्ट त्याच्या पुढे गेली आहे.

मी दवाखान्यात जाऊन आलो. सुईच्या बाटलीवरचा नंबर मागितला. औषध कुठे ठेवता तेही विचारलं. तिथली सिस्टर आधी नीट बोलली. नंबरही दिला. मुदत अजून दीड वर्षाची आहे. मग मी म्हटलं, "बाटलीत तेच औषध होतं याला पुरावा काय?" तर ती म्हणाली, "तुम्ही लिफ्टवाले ना?" मी हो म्हटलं. म्हणाली, "मग खाली जा." बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या.

खाली येऊन मी विचार केला. औषध बरोबर, मुदत बरोबर, रकाने भरलेले. सुई हजारात एखाद-दोघींनाच फसवते हे तुझंच वाक्य. माझ्याच बायकोला फसवावं एवढी ती खास आहे का?

मग मी आठवडे मोजले. चार सप्टेंबरला बारा आठवडे, म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. उलटं मोजत गेलो तर बारा जून येतो. तीनदा मोजला. ताई, पाच जूनपासून एकोणीस जूनपर्यंत मी घरी नव्हतो. परगावी नवीन लिफ्ट बसवायला कंपनीने पाठवलं होतं. हजेरीपुस्तकात माझी रोजची सही आहे.

हा भाग कच्च्यात दोनदा खोडला. पण आता लिहितोच. त्या पंधरवड्यात चिमीला ताप होता, ही कारखान्यात जात नव्हती. तेव्हा तिथला कटिंग मास्तर काज-बटणाचे गठ्ठे घरी आणून देत होता. हे मला हिने सांगितलं नाही. चिमीने सांगितलं. तिच्याकडे बटणांचा एक डबा आहे. "कुणी दिला?" विचारलं तर म्हणाली, "मास्तरकाकांनी." मी हिला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाली, "अहो, सांगायचं राहून गेलं." राहून कसं जातं? मी घरात एक स्क्रू आणला तरी सांगतो.

आता ती झोपली की मी तिच्याकडे बघत बसतो. ती कूस बदलते तरी मला त्यात काहीतरी दिसतं. पूर्वी ती मशीन चालवताना गुणगुणायची, आता गुणगुणत नाही. का नाही?

तू सांग, मी काय करू.

तुझा भाऊ


२४ सप्टेंबर

गाढवा,

काहीही करू नकोस. हे पत्र हाती पडेपर्यंत तोंड उघडलं नसशील तर देव पावला म्हणेन.

तुझं मोजणं बरोबर आहे, पण मोजायला सुरुवात कुठून करायची ते तुला ठाऊक नाही. डॉक्टर आठवडे धरतात ते शेवटच्या पाळीच्या हिशोबाने, दिवस गेल्यापासून नव्हे. पाळी बंद असली तरी सोनोग्राफीचं यंत्र त्याच हिशोबाने आकडा सांगतं. दिवस खरे जातात त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. जगात सगळीकडे असंच मोजतात. तुझा बारा जून म्हणजे खरा सव्वीस जून, दोन-चार दिवस इकडेतिकडे. एकोणीसला तू घरी आलास. पंधरा दिवसांनी बायकोला भेटलेला नवरा त्या आठवड्यात काय करत होता, ते माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत. हजेरीपुस्तकात त्याची सही नसेल, एवढंच.

आमच्या प्रसूतिगृहात बाहेर बसून असे बोटांवर दिवस मोजणारे नवरे मी बरेच पाहिले आहेत. आपल्याच घरात एक निघेल असं वाटलं नव्हतं.

आणि कटिंग मास्तर! अरे, चिमी झाली तेव्हा तो दवाखान्यात आला होता, आठवतो का? साठीचा माणूस, बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा. शेजारच्या पाळण्यातल्या मुलाचं पाच मिनिटं कौतुक करून निघून गेला होता. तापात तडफडणारं पोर घेऊन ती एकटी होती, तू दोनशे मैलांवर होतास, आणि त्या म्हाताऱ्याने तिची मजुरी बुडू दिली नाही. त्याच्यावर संशय! तुझ्या डोक्याचीच एकदा सर्व्हिस करून घे.

ती गुणगुणत नाही, कारण तिला मळमळतं. बाळंतपण कसं निभेल याची काळजी तिलाही आहे. आणि नवरा रात्री उठून बसतो, हे झोपलेल्या बाईला कळत नाही असं वाटतं का तुला?

आता उरतं एवढंच, की सुई चालू असताना दिवस गेले कसे. त्यासाठी मी तारखा मागितल्या होत्या. तू त्या पाठवल्या नाहीस. पाठव.

ताई


२५ सप्टेंबर

ती. ताई,

तुझं उत्तर अजून आलं नाही. थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

काल ही चिमीच्या फ्रॉकला काजं करत होती. मी विचारलं, "बारा जूनला तू कुठे होतीस?" ती म्हणाली, "घरी. का?" मी म्हटलं, "आणि मास्तर?"

ती ओरडली असती, रडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. तिने उरलेलं काज पूर्ण केलं. धागा दाताने तोडला. मग पलंगाखालची बॅग ओढली. मी म्हटलं, "मी फक्त विचारलं." ती म्हणाली, "हो ना. तुम्ही मोजत बसा. मी जाते." चिमीला घेऊन भावाकडे गेली. बटणांचा डबा मात्र इथेच ठेवून गेली. तो माझ्यासमोर आहे.

जिन्यावर मी मागून गेलो. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. चिमी म्हणत होती, "बाबा, लिफ्टने जाऊ या का?" या इमारतीला लिफ्ट नाही हे तिला अजून समजत नाही.

ताई, मी चुकलो असेन तर चूक दाखव. पण नीट दाखव, मला पटेल अशी. आकडे खोटं बोलत नाहीत. तारखा मागितल्या होत्यास, त्या देतो.

पहिली सुई: ३ ऑक्टोबर.
दुसरी: २ जानेवारी.
तिसरी: २८ जून.

ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च, एप्रिल-जून. एकही रकाना रिकामा नाही. तिसरी थोडी शेवटाकडे गेली, कारण एप्रिलमध्ये तिच्या कारखान्यात घाईचं काम होतं, मग मी परगावी गेलो, त्यातच चिमीचा ताप. पण जूनअखेरपर्यंत मुदत होती आणि ती मुदतीच्या दोन दिवस आधी जाऊन आली. आम्ही लिफ्टचंही असंच करतो. गर्दीच्या इमारतीत कधी तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात काम होतं, पुढच्या खेपेला शेवटच्या. खूण झाली की झालं.

आता सांग, यात माझं काय चुकलं?

तुझा भाऊ


३० सप्टेंबर

बाळा,

चोवीसचं माझं पत्र आतापर्यंत तुला मिळालं असेल. ते वाचून तुझी काय दशा झाली असेल ते समजतं, म्हणून आज शिव्या देत नाही.

तुझ्या तारखा मी आमच्या मोठ्या सिस्टरना दाखवल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "हा तक्ता कुणी केला?" मी म्हटलं, "भावाने, लिफ्ट दुरुस्त करतो." त्या म्हणाल्या, "तरीच."

दोन जानेवारीपासून अठ्ठावीस जूनपर्यंत किती दिवस होतात, तूच मोज. मी मोजले. एकशे सत्त्याहत्तर. पंचवीस आठवडे आणि दोन दिवस. सुई पुरते बारा ते तेरा आठवडे. महिनाभर उशीर झाला तरी आम्ही सहसा टोचतो, पण त्यापुढे तिच्यावर विसंबता येत नाही. कुणाला औषध उतरल्यावरही दिवस जायला सहा-आठ महिने लागतात, कुणाला नाही. तुझ्या बायकोला नाही लागले.

मोजायचं असतं ते मागच्या सुईपासून, बाळा. कॅलेंडरच्या तिमाहीत अंगातलं औषध कुणाला दिसतं? लिफ्टला दोर असतो, तो झिजायला वर्षं लागतात, म्हणून तुमचं कार्ड चालून जातं. औषध टोचल्या दिवसापासून उतरायला लागतं. मे महिन्यात आणि जूनमध्ये तिच्या अंगात भरवशाचं औषध नव्हतं, आणि तुझ्या तक्त्यात तो रकाना उघडाच होता, म्हणून तू निर्धास्त होतास.

सुई खोटी नव्हती. सिस्टर खोटी नव्हती. ती तर नव्हतीच.

अठ्ठावीस जूनची सुई दिवस गेल्यावर पडली. त्याने पोटातल्या बाळाला काही होतं असं दिसलेलं नाही, तरी डॉक्टरांच्या कानावर घालायला सांग. हे मी तिला फोन करून सांगितलं असतं. पण मुद्दाम केला नाही. बाकीचंही तुलाच सांगायचं आहे. माझ्या तोंडून तिने तुझी माफी ऐकावी, एवढी मी तुझी लाडकी बहीण नाही.

ताई


४ ऑक्टोबर

प्रिय,

हे पत्र कच्चं न लिहिता थेट लिहितो आहे. खाडाखोड झाली तर चालवून घे.

तू काही केलेलं नाहीस. मी केलं. ताईने मला तारखा मोजायला लावल्या. तिमाहीत एकदा म्हणजे कधीही, हा माझा लिफ्टचा नियम मी तुझ्या अंगाला लावला. दोन सुयांच्या मध्ये पंचवीस आठवडे गेले. बारा जून हाही मी चुकीचा काढला. डॉक्टर दोन आठवडे आधीपासून मोजतात, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना मी तुला विचारलं. जे विचारलं ते परत घेता येत नाही, हे मला कळतं.

हे कळल्यावर मी कपाटाच्या दारावरचा तक्ता काढला. टाचण्या काढल्या तर तक्त्याखाली दुसरा कागद निघाला. दवाखान्याचं तुझं कार्ड. जानेवारीत तू ते तिथे लावलं होतंस, आणि मी नव्या वर्षाचा तक्ता त्याच्यावरच टाचला. कार्डावर सिस्टरच्या अक्षरात लिहिलं आहे, "पुढची सुई: ३ एप्रिल." खाली दोन रेघा मारल्या आहेत. मी नऊ महिने त्या तारखेवर माझा तक्ता लावून खुणा करत होतो.

काल मास्तरांकडे गेलो. माझ्या संशयाचं त्यांना काही सांगितलं नाही. तुझं नाव त्या बोलण्यात नको होतं. गठ्ठे घरी पोचवल्याबद्दल आणि बटणांबद्दल आभार मानले. त्यांनी मला ओळखलं नाही. विचारलं, "लिफ्ट बंद पडली का?" मग ओळखल्यावर म्हणाले, "तुमची बायको काजं करते तशी दुसरी कुणी करत नाही. तिला परत कधी पाठवता?"

मूल ठेवायचं की नाही ते तू ठरव. मी काही मोजणार नाही. मोठी खोली नाही, हे खरं. पण मशीन खिडकीकडे सरकवलं तर पाळण्याएवढी जागा होते. हे मोजलं, तेवढं माफ कर.

ये असं लिहायचं धाडस होत नाही.

मी


१० ऑक्टोबर

अहो,

पत्र मिळालं. माझ्या भावाने आधी फाडायला काढलं होतं, मी घेतलं.

तुम्ही ताईंना लिहिता हे मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. तुमचा कच्चा कागद चिमीच्या हाती लागला, तिने मागच्या बाजूला मांजर काढून मला दाखवायला आणलं. मांजर पाहिलं आणि उलटून वाचलं. "सुईत औषध होतं की पाणी?" तेव्हा मला हसू आलं. मास्तरांचं लिहिलेला कच्चा कागद सापडला तेव्हा नाही आलं. त्यावर तिने काही काढलं नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला विचारलं होतं, "आज अर्धा दिवस रजा काढून दवाखान्यात जाऊ का?" तुम्ही दाढी करत होता. म्हणालात, "रकाना जूनअखेरपर्यंत उघडा आहे, रजा कशाला घालवतेस?" मला कार्डावरची तारीख आठवत होती. पण तुम्ही इतक्या खात्रीने बोलता, की माणसाला आपलंच चुकत असेल असं वाटतं.

अठ्ठावीस जूनला सिस्टर मला रागावली. "बाई, ही सुई एप्रिलची." लघवी तपासली, त्यात काही आलं नाही, म्हणून टोचली. म्हणाली, तीन आठवड्यांनी परत तपासून जा. मी गेले नाही. ती माझी चूक, ती मी लिहून देते. घरी येऊन तुम्हाला सांगणार होते. तुम्ही तक्त्यावर खूण केलीत, दोन पावलं मागे जाऊन बघितलंत आणि शीळ घालायला लागलात. मला वाटलं, राहू दे, कशाला मोडू. तेव्हाच मोडायला हवं होतं.

तुम्ही सिस्टरवर संशय घेतला, औषधावर घेतला, मास्तरांवर घेतला, माझ्यावर घेतला. त्या तक्त्यावर एकदाही नाही. माझं दुखणं ते आहे. ते एका पत्राने जाणार नाही, आणि जाईल असं मी म्हणत नाही.

मूल ठेवायचं मी ठरवलं आहे. खोलीचं नंतर बघू. चिमी विचारते, बाबा कुठली लिफ्ट दुरुस्त करतात. मी सांगते, मोठी आहे, वेळ लागेल.

तक्ता परत लावू नका. कार्ड लावा.

माझी पुढची तपासणी सतरा ऑक्टोबरला आहे, सकाळी साडेदहाला, त्याच दवाखान्यात. सिस्टर तुम्हाला ओळखेल, हसू द्या. यायचं असेल तर त्या दिवशी, त्या वेळेला या. या तिमाहीत कधीतरी नको.

मी